शेवटच्यासाठी थांबलेला पहिला

आज ओळख करून घेऊ स्वित्झर्लंडच्या दारिओ कोलोन्याची. खेळ त्याचा बर्फावरचा. दोन लांब, अरुंद पट्ट्या बुटांना अडकवायच्या, दोन्ही हातांत काठ्या घ्यायच्या आणि पंधरा, तीस, पन्नास किलोमीटर जायचं. उतारावर घसरत जाता येतं, पण चढ मात्र स्वतःच्या दमावर चढायचा.

आता तुम्ही म्हणाल, स्वित्झर्लंड म्हणजे बर्फच बर्फ, तिथे असे खेळाडू पैशाला पासरी असतील. तसं नाही. तिथल्या लोकांचा जीव डोंगरावरून भन्नाट वेगाने खाली येणाऱ्या शर्यतींवर. हा दमाचा खेळ नॉर्वे, स्वीडन, रशियाचा. स्वित्झर्लंडला त्यात ऑलिंपिकचं पहिलं सुवर्ण मिळालं ते २०१० साली, व्हँकुव्हरला, दारिओकडून.

हा मुलगा इटलीच्या सीमेजवळच्या व्हाल म्युस्तायर या खोऱ्यातला. तिथली भाषा रोमान्श. देशात शंभरात एकाचीही ती मुख्य भाषा नाही. अशा कोपऱ्यातल्या माणसाला सगळा देश ओळखू लागला. नुसत्या पदकांमुळे? पदकं लागतातच, ते आम्ही नाकारत नाही. जिंकल्याशिवाय टीव्हीवाले कुणाच्या दारी येत नाहीत. पण लोकांच्या मनात माणूस राहतो तो कशाने, ते सोचीत दिसलं.

नोव्हेंबर २०१३ मध्ये धावताना त्याच्या घोट्याचे स्नायुबंध फाटले, शस्त्रक्रिया झाली. ऑलिंपिक तीन महिन्यांवर. तरीही फेब्रुवारीत त्याने दोन सुवर्णं मिळवली. त्यातलं दुसरं १५ किलोमीटरचं. त्याच शर्यतीत आपल्या भारताचा नदीम इक्बाल होता, नेपाळचा दाछिरी शेर्पाही होता. आणि सर्वांत शेवटी होता पेरू देशाचा रॉबेर्तो कार्सेलेन. बरगडीला दुखापत झालेली, तरी उतरला. त्याला दारिओपेक्षा सुमारे २८ मिनिटं जास्त लागली.

एवढा वेळ जिंकलेल्या माणसाने काय करावं? गरम कपडे घालावेत, मुलाखती द्याव्यात. दारिओ शेवटच्या रेषेपाशी थांबला. कार्सेलेन आपल्या देशाचा झेंडा घेऊन आला, तेव्हा त्याने पुढे होऊन त्याचा हात हातात घेतला. तो फोटो जगभर फिरला. हा खेळ कधीही न पाहिलेल्या लोकांनीसुद्धा त्याचं नाव विचारलं.

काहींना वाटेल, कॅमेऱ्यासाठी केलं असेल. आम्हाला नाही तसं वाटत. थंडीत, दमलेल्या अंगाने कुणी दिखाव्यासाठी इतकं थांबत नाही.

२०१८ च्या ऑलिंपिकमध्ये देशाचा झेंडा घेऊन सर्वांत पुढे चालण्याचा मान त्यालाच मिळाला. तिथे त्याने १५ किलोमीटरचं सलग तिसरं सुवर्ण जिंकलं. २०२२ मध्ये तो निवृत्त झाला.