भिंतीचा आधार घ्या, जांघा मोकळ्या करा



टिपऱ्या लावताना, पाचट काढताना, दारे धरताना आपण तासन्‌तास वाकून असतो. चाळिशीनंतर पंगतीत मांडी घालून बसणे जड जाते. मलाही मेळाव्यात खुर्ची शोधावी लागू लागली. बऱ्याचदा मांडीच्या आतले स्नायू आखडलेले असतात. वय झाले म्हणून सोडून देऊ नये.

पुण्याचे योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार (१९१८-२०१४) यांनी ताठ शरीरालाही आसन जमावे म्हणून भिंत, दोर, पट्टा यांचा आधार घ्यायला शिकवले. १९७५ साली त्यांची संस्था पुण्यात सुरू झाली. खालील कृती उपविष्ट कोनासनाची सोपी तऱ्हा आहे.

१) भिंतीलगत सतरंजी टाका. भिंतीला एक कूस लावून बसा. पाठीवर आडवे होत दोन्ही पाय भिंतीवर सरळ वर न्या. ओढ जास्त वाटली तर कंबर वीतभर मागे घ्या.

२) टाचा भिंतीवरून घसरवत पाय हळूहळू फाकवा. ताण जाणवला की थांबा. हाताने दाबू नका. पायांचे वजनच काम करते.

३) संथ श्वास घेत एक मिनिट राहा. सवयीने तीन मिनिटांपर्यंत न्या.

४) हातांचा आधार देऊन पाय जवळ आणा, कुशीवर वळून उठा.

हर्निया, खुब्याचे दुखणे, काचबिंदू किंवा गरोदरपण असल्यास आधी डॉक्टरांना विचारा. कळ आली तर लगेच थांबा.

एकदम पाणी सोडले तर सरी फुटते, दमाने दिले तर मुरते. अंगाचेही तसेच आहे.

— ऊस विकास अधिकारी