आकडेमोडीची दुर्बीण



रत्नागिरी जिल्ह्याच्या दापोली तालुक्यात मुरुड नावाचे समुद्रकाठचे गाव आहे. तेथे १८५३ साली शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा जन्म झाला. व्यवसायाने ते शिक्षक होते. भारतीय ज्योतिषशास्त्राचा त्यांनी लिहिलेला मोठा इतिहास १८९६ साली प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी रॉबर्ट स्यूएल यांच्याबरोबर लिहिलेला त्यांचा ‘द इंडियन कॅलेंडर’ हा ग्रंथही निघाला. आपल्या जुन्या तिथींवरून इसवी सनाची तारीख कशी काढावी, याची कोष्टके त्यात आहेत. त्यामागची सारी आकडेमोड कागद आणि लेखणी यांच्याच बळावर झालेली होती.

आकाशाचा अभ्यास आणि आकडेमोड यांची सोबत अशी जुनी आहे. पण पूर्वी आधी पाहावयाचे आणि मग गणित मांडावयाचे, असा क्रम असे. आज आपल्या महाराष्ट्रातच अशी एक दुर्बीण आहे की, गणित केल्यावाचून तिच्यातून काही दिसतच नाही!

डोळा लावायला जागाच नाही

पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे ही दुर्बीण आहे. तिचे नाव ‘जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप’, थोडक्यात जी. एम. आर. टी. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुण्यातील राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राने ती उभारली. तिच्या उभारणीमागची प्रेरणा होती प्रा. गोविंद स्वरूप यांची. ४५ मीटर व्यासाच्या ३० प्रचंड तबकड्या मिळून ही एक दुर्बीण होते. त्यांपैकी १४ तबकड्या मध्यभागी जवळजवळ आहेत, तर १६ तबकड्या इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारख्या तीन बाजूंना पसरल्या आहेत. दोन तबकड्यांमधील जास्तीत जास्त अंतर सुमारे २५ किलोमीटर आहे. म्हणजे समुद्रकाठच्या रस्त्याने रत्नागिरीहून गणपतीपुळ्याला जावे, साधारण तेवढे!

या तबकड्या प्रकाश पकडीत नाहीत. त्या पकडतात आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी. एकटी तबकडी आकाश फारच अंधुक पाहते. पण दोन तबकड्यांवर आलेल्या लहरी ताडून पाहिल्या, तर चित्रातील एक बारकावा हाती लागतो. जवळच्या जोडीवरून ढोबळ आकार कळतो, दूरच्या जोडीवरून सूक्ष्म तपशील. शिवाय पृथ्वी फिरत असल्यामुळे आकाशाकडून पाहता प्रत्येक जोडीची दिशा व अंतर तासातासाला बदलते आणि नवे बारकावे मिळत जातात. हे सारे तुकडे गणिताने जुळविले की चित्र तयार होते. साध्या दुर्बिणीत काचेचे भिंग जे काम करते, ते काम येथे संगणक करतो.

जोड्या किती?

तीस तबकड्यांच्या जोड्या किती होतील? प्रत्येक तबकडीची जोडी उरलेल्या २९ तबकड्यांशी लावता येते. ३० × २९ = ८७०. पण यात प्रत्येक जोडी दोनदा मोजली गेली. म्हणून निम्मे करू. उत्तर आले ४३५.

आता प्रत्येक जोडीसाठी किती काम पडते ते पाहू. सुधारित जी. एम. आर. टी. मध्ये एकेका तबकडीवरील लहरीची उंची सेकंदाला ८० कोटी वेळा मोजता येते. जोडीतील दोघींच्या मापांचा गुणाकार करावयाचा आणि ते गुणाकार मिळवीत जावयाचे. लहर एका तबकडीवर आधी पोहोचते, दुसरीवर नंतर. २५ किलोमीटर जायला तिला सेकंदाचा सुमारे बारा हजारावा भाग लागतो. एवढ्याशा वेळातही सहासष्ट हजारांवर मापे होऊन जातात! तेव्हा गुणाकारापूर्वी मापे बिनचूक सरकवून घ्यावी लागतात, नाहीतर चित्र बिघडते.

प्रत्यक्षात संगणक लहरींची कंप्रतेनुसार पुष्कळ भागांत वाटणी करून मग गुणाकार करतो. पण कामाचा अंदाज यावा म्हणून साधाच हिशेब करू. ४३५ × ८० कोटी = ३४,८०० कोटी गुणाकार, तेही एका सेकंदात. एखादा माणूस झोप-जेवण सोडून सेकंदाला एक गुणाकार करीत बसला, तर आकाशाच्या एका सेकंदाचा हिशेब पुरा करावयाला त्याला अकरा हजार वर्षे लागतील.

मग संगणक हे कसे करतो? युक्ती साधी आहे. लग्नघरी पाचशे पाने वाढायची तर एकटा वाढपी पुरत नाही. पंगती वाटून घ्याव्या लागतात. महासंगणकातही हजारो गणक एकाच वेळी कामाला लागतात. एकाने या कंप्रता सांभाळायच्या, दुसऱ्याने त्या. पुण्याच्या सी-डॅक संस्थेने डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली ‘परम ८०००’ हा महासंगणक बांधला, तो याच तत्त्वावर.

एकीचे बळ

या खटाटोपातून मिळाले काय? एकच उदाहरण पाहा. तारे जन्मतात ते वायूपासून आणि त्या वायूत मुख्यतः हायड्रोजन असतो. हायड्रोजनचे अणू २१ सेंटिमीटर तरंगलांबीची अतिशय क्षीण रेडिओ लहर सोडतात. ८०० कोटी वर्षांपूर्वी निघालेली अशी लहर विश्वाच्या प्रसरणामुळे ताणली जाऊन आपल्यापर्यंत येईतो सुमारे दुप्पट लांब झालेली असते. एवढ्या दूरच्या एकेका दीर्घिकेची लहर तर गोंगाटात पार बुडून जाते.

आदित्य चौधरी, निस्सीम काणेकर, जयराम चेंगलूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जी. एम. आर. टी. वापरून ७,६५३ दीर्घिकांकडून आलेल्या लहरी एकत्र केल्या. गोंगाट कधी अधिक तर कधी उणा असतो, त्यामुळे तो मिळविताना बराचसा आपापसात खोडला जातो. खरी लहर मात्र वाढतच जाते. ७,६५३ चे वर्गमूळ सुमारे ८७. तेवढ्या पटीने लहर गोंगाटाच्या वर येऊ शकते. २०२० साली त्यांचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला: त्या दीर्घिकांतील हायड्रोजन, तारे जन्मण्याचा तेव्हाचा वेग पाहता, १०० ते २०० कोटी वर्षेच पुरला असता. विश्वातील ताऱ्यांचा जन्मदर तेव्हापासून सुमारे दहाव्या हिश्श्यावर का आला, याचे उत्तर त्यात सापडते. शिधाच अपुरा होता!

मागे पडलेले पांथस्थ

२००७ साली शास्त्रज्ञांनी आणखी एका नवलाची नोंद प्रसिद्ध केली. दूर आकाशातून रेडिओ लहरींचा एक झोत येतो आणि काही सहस्रांश सेकंदांत नाहीसा होतो. याला ‘फास्ट रेडिओ बर्स्ट’ म्हणतात.

समजा, रत्नागिरीहून एकाच वेळी एक मोटरसायकलस्वार, एक सायकलस्वार आणि एक पायी जाणारा असे तिघे निघाले. आरे-वारेला ते थोड्या अंतराने पोहोचतील, गणपतीपुळ्याला बऱ्याच अंतराने. वाट जितकी लांब, तितके ते पांगतील. अवकाशातही एकदम निघालेल्या रेडिओ लहरी वाटेतील इलेक्ट्रॉनांमुळे पांगतात. कमी कंप्रतेच्या लहरी मागे पडतात. पण वाटेत इलेक्ट्रॉन किती होते, हे आधी कोणाला ठाऊक? म्हणून संगणक एक अंदाज धरतो, त्या हिशेबाने सर्व कंप्रता पुन्हा एका रेषेत आणतो आणि झोत दिसतो का ते पाहतो. न दिसल्यास दुसरा अंदाज, मग तिसरा. असे हजारो अंदाज, तेही सतत! अशा शोधांसाठी जी. एम. आर. टी. ला ‘परम रुद्र’ हा महासंगणक मिळाला असून २६ सप्टेंबर २०२४ रोजी तो राष्ट्राला अर्पण करण्यात आला.

करून पाहा

वर्गात पाच जण उभे राहा. प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदाच हस्तांदोलन करा आणि मोजा. दहा भरतील. आता दहा जण उभे राहा. वीस होतील असे वाटते ना? मोजून पाहा, ४५ होतील! तबकड्या ३० च्या ६० केल्या, तर जोड्या ४३५ वरून १,७७० वर जातील. दुर्बीण दुप्पट करावयाची, तर आकडेमोड चौपटीहून अधिक करण्याची तयारी हवी. म्हणून उद्याच्या खगोलशास्त्रज्ञाला आकाशाइतकीच गणिताचीही गोडी असावी लागेल.