जुन्या मोटारीचा बसलेला घसा

"गाणें ऐकूं येतें रे, पण शब्द कांहीं लागत नाहींत," असें आमच्या मातोश्री गेल्या मे महिन्यांत ताम्हिणी घाट उतरतांना म्हणाल्या. त्यांचें वय ८४. बालगंधर्वांचीं आणि हिराबाई बडोदेकरांचीं पदें ऐकावयाचीं तीं प्रवासांतच, असा त्यांचा परिपाठ आहे; कारण घरीं मुलांचा गलबला आणि दूरदर्शन संच यांपुढें गाण्याचा निभाव लागत नाहीं.

गाडी आमची मारुति ८००. या गाडीची पहिली किल्ली डिसेंबर १९८३ मध्यें ग्राहकाच्या हातीं पडली व २०१४ सालीं तिचें उत्पादन थांबलें. मध्यंतरीच्या तीस वर्षांत कित्येक मध्यमवर्गीय कुटुंबांची ती पहिलीच मोटार ठरली. आमच्या गाडीच्या पुढील दारांत पूर्वीच्या मालकानें बसविलेले ४ इंची स्पीकर होते. आवाज वाढवावा तों दारें थरथरत आणि शब्द अधिकच बुडत. एका दुकानदारानें मागें भला मोठा सबवूफर बसविण्याचा सल्ला दिला. त्याचा आकडा ऐकून मी घरीं परतलों आणि अभियांत्रिकी शिकणाऱ्या पुतण्यास हाताशीं घेऊन हें काम स्वतःच करावयाचें ठरविलें. त्यांत जें शिकावयास मिळालें, तें इतरांसहि उपयोगीं पडावें म्हणून येथें देत आहें.

दोष कोठें होता?

वय वाढतें तसे प्रथम उंच कंपसंख्येचे ध्वनि ऐकूं येईनासे होतात. शब्दांतील स, श, त, फ अशीं व्यंजनें ओळखूं येतात तीं बहुतांशीं दर सेकंदास २००० हून अधिक कंपनें असलेल्या ध्वनींमुळें. स्वरांचें बळ त्याच्या पुष्कळ खालीं असतें. म्हणून नुसता आवाज मोठा केल्यास स्वर आणि गुणगुण तेवढी वाढते. शब्द उमगत नाहींत. सबवूफरचें क्षेत्र तर याहूनहि खालचें, साधारण १०० कंपनांच्या आंतलें. आणि जुन्या ध्वनिमुद्रिकांत तितका खर्ज मुळांतच फारसा नसतो. रोगी एक आणि औषध भलतेंच, असा तो प्रकार झाला असता.

आमच्या गाडींत दोष दोन होते. स्पीकरच्या कागदी शंकूची कडा उन्हानें व दमट हवेनें चिरली होती, हा एक. दुसरा असा कीं, स्पीकर दाराच्या तळाशीं, पायांजवळ होते. उंच ध्वनि सरळ रेषेंत जातात. ते बसणाराच्या पायांत, पातळाच्या निऱ्यांत आणि बैठकीच्या गादींतच मुरत होते.

खरेदीपूर्वीं मोजमाप

दुकानांत जाण्यापूर्वीं भोंकाचा व्यास, स्क्रूंमधील अंतर आणि खोली हीं तीन मापें घ्यावीं. खोली मोजतांना खिडकीची कांच पूर्ण खालीं घ्यावी. एरव्हीं बसविलेल्या स्पीकरचें चुंबक कांचेस अडते. विरोध ४ ओहम असावा.

खोक्यावरील शेंकडों वॅटच्या आंकड्यांस भुलूं नये. गाडी चालू असतां विजेचा दाब सुमारें १४·४ व्होल्ट असतो. तेवढ्या दाबांत साध्या कार-स्टिरिओस ४ ओहमच्या एका स्पीकरला हिशेबानें फार तर २६ वॅट देतां येतात आणि प्रत्यक्षांत २० च्या आसपास. म्हणून वॅटऐवजीं संवेदनशीलता पाहावी. ती ३ डेसिबलनें अधिक असली, तर तेवढाच आवाज निम्म्या शक्तींत मिळतो. आम्हीं ४ इंची स्पीकर आणि उंच ध्वनींसाठीं त्यांचे वेगळे छोटे ट्वीटर असा संच घेतला.

दार उघडल्यावर

प्रथम बॅटरीची ऋण तार सोडविली. कांच फिरविण्याच्या हँडलमागें एक स्प्रिंगची क्लिप असते. हँडलमागें कापडाची पट्टी सारून दोन्ही टोकें आळीपाळीनें ओढलीं कीं ती सुटते. आमची सुटली ती थेट तुळशीच्या कुंडींत, आणि तिच्या शोधांत अर्धा तास गेला! तेव्हां वर पंचा धरावा.

आंतील प्लॅस्टिकचा पडदा फाडूं नये. पावसाचें पाणी कांचेवरून दारांत उतरतें आणि तळच्या भोंकांतून निघून जातें. हा पडदा तें गाडींत येऊं देत नाहीं. तीं तळचीं भोंकें कधींहि बुजवूं नयेत.

खरें मर्म मात्र पुढें आहे. शंकू पुढें सरकतो तेव्हां समोरची हवा दाबली जाते आणि पाठीमागची विरळ होते. हे दोन परिणाम दाराच्या फटींतून एकमेकांस भेटले कीं खालचे सूर परस्परांस मारतात. म्हणून आंतल्या पत्र्यांतील मोठीं भोंकें बंद केलीं आणि बाहेरच्या पत्र्यास आंतून ब्यूटिल रबराची जड चादर चिकटविली. डब्यासारखें वाजणारें दार मुकें झालें. स्पीकरखालचें कडें प्लॅस्टिकचें घेतलें, कारण साधी फळी पावसाळ्यांत फुगते.

जोडणींत दोन पथ्यें पाळावीं. स्पीकरची ऋण तार गाडीच्या पत्र्यास जोडूं नये, नाहींतर स्टिरिओ जळण्याचा संभव असतो. दोन्ही बाजूंच्या तारा एकाच क्रमानें जोडाव्या. आमच्याकडून डावी बाजू उलटी झाली, तेव्हां गवई गाडींत कोठें बसला आहे तेंच कळेना! १·५ व्होल्टचा सेल क्षणभर लावल्यास, धन बाजू धन टोंकास असतां शंकू बाहेर सरकतो. त्यावरून चूक उमगली. सांधे डाख देऊन त्यांवर आकसणारी नळी चढविली. चिकटपट्टीचा डिंक उन्हाळ्यांत वितळतो.

शेवटीं ट्वीटर आरशाजवळच्या कोपऱ्यांत, बसणाराच्या कानाकडे तोंड करून लावले. त्यांच्या तारेंतील लहान कपॅसिटर गाळूं नये. खर्जाच्या धक्क्यापासून तोच ट्वीटरला वांचवितो. नव्या गाड्यांच्या दारांत एअरबॅगच्या तारा किंवा संवेदक असूं शकतात. तेथें हा उद्योग जाणत्या कारागिरावरच सोंपवावा.

एका रविवारचें काम दोन रविवार चाललें. दसऱ्यास मातोश्रींना पुढें बसवून गाडी काढली. पद सुरू झालें. मी सवयीनें आवाज वाढविला. दुसऱ्या ओळीस त्या शब्दांसह गुणगुणूं लागल्या, आणि तिसरीस माझ्या हातावर चापटी मारून म्हणाल्या, "अरे, जरा लहान कर. मी कांहीं बहिरी नाहीं!"