लाखोळी, मोह आणि वैद्याचा आहारसल्ला

आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य या तीन उपस्तंभांत आचार्यांनी आहाराला पहिले स्थान दिले, हे आपण विद्यार्थीदशेपासून पाठ म्हणत आलो आहोत. परंतु ज्या घरातील कणगी आषाढातच रिकामी होते, त्या घरातील रुग्णाला आपण पथ्याच्या चिठ्ठीवर काय लिहून देतो, याचा विचार वैद्यवर्गात क्वचितच होतो. त्या विचारासाठी हा लेखनप्रपंच.

आमचा व्यवसाय चंद्रपूर व गडचिरोलीच्या वनपट्ट्यातला. आरंभीच्या वर्षांत स्तन्यक्षयाची तक्रार घेऊन आलेल्या एका माडिया मातेला आम्ही शतावरीचे चूर्ण दुधातून घेण्यास सांगितले, शिवाय खारीक आणि मनुका. ती मुकाट्याने मान हलवीत होती. अखेर सोबतची वृद्धा म्हणाली, "गाय तं वासराची असते, साहेब." त्यांच्या घरी गाई होत्या, पण दूध काढण्याची रीत नव्हती. देशसात्म्य आणि ओकसात्म्य यांवर परीक्षेत पानेच्या पाने लिहिलेल्या आम्हाला ही गोष्ट चिठ्ठी लिहिण्यापूर्वी विचारण्याचे सुचले नव्हते.

या भागातील टंचाई ऋतूशी बांधलेली आहे. धान वर्षातून मुख्यतः एकदाच पिकते. ग्रीष्म व वर्षा या ऋतूंत शरीरबल सर्वांत क्षीण असते आणि वर्षाऋतूत अग्नीही मंद होतो, असे ऋतुचर्या सांगते. नेमक्या त्याच दिवसांत परे उपटून रोवणीचे, दिवसभर कंबरेत वाकून करावयाचे काम येते, आणि त्याच दिवसांत घरातील जुने धान संपत आलेले असते. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य गटातील माणशी दरमहा ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबास ३५ किलो धान्याचा हक्क दिला. त्यामुळे उपाशीपोटीची रात्र टळते, हे आम्ही निःसंकोच मान्य करतो. मात्र या हक्कात केवळ धान्य आहे. डाळ आणि तेल नाही. भात आणि मिठाचे पाणी एवढ्यावर रोवणी करणाऱ्या स्त्रीचा रसधातू भरत नाही. ही उणीव भरून काढणारी द्रव्ये गावाच्या शिवारात आणि रानात पूर्वीपासून आहेत. त्यांतील दोन येथे घेतो, कारण दोहोंच्या माथी अपकीर्ती आहे.

पहिले लाखोळी. धानाच्या बांधीत, पीक उभे असतानाच, जमिनीतील ओलीवर ही फेकून पेरतात. नांगरट नाही, पाणी नाही, खर्च जवळजवळ नाही. इतर पिके करपतात त्या वर्षीही ती येते. हाच तिचा गुण आणि हाच तिचा धोका. भावप्रकाशकारांनी त्रिपुट या नावाने तिचे वर्णन करताना ती अतिरूक्ष, वातप्रकोपक आणि खंजत्व व पंगुत्व आणणारी असल्याचे स्पष्ट लिहिले आहे. सुश्रुतांनी वातव्याधीत वर्णिलेला कलायखंज, म्हणजे चालू लागताच कापणारा, लंगडत जाणारा आणि सांधे शिथिल झालेला रुग्ण, अनेक विद्वान याच विकाराशी जोडतात. आधुनिक शास्त्राने या दाण्यातील ओडॅप हे द्रव्य मज्जातंतूंस घातक असल्याचे दाखविले. एकदा आलेले पंगुत्व परत जात नाही. दुष्काळात, सलग काही महिने, आहाराचा मोठा भाग हीच डाळ झाली म्हणजे हा रोग उद्भवतो. भाताबरोबर वाटीभर वरण म्हणून ती अधूनमधून खाणाऱ्यांत तो सहसा दिसत नाही.

कायद्याने मात्र मात्रेचा विचार न करता द्रव्यच नाकारले. १९६१ मध्ये तिच्या विक्रीवर बंदी आली, नागपूरचे डॉ. शांतीलाल कोठारी यांनी त्याविरुद्ध दीर्घकाळ लढा दिला आणि महाराष्ट्राने २००८ मध्ये बंदी उठविली. पुढे २०११ च्या केंद्रीय नियमांत विक्रीवरील प्रतिबंध पुन्हा आला. दरम्यान रतन, प्रतीक आणि महातिवडा हे अल्प ओडॅपचे वाण शास्त्रज्ञांनी सिद्ध केले. या साऱ्या काळात पूर्व विदर्भातील शेतकरी आपल्या बांधीत लाखोळी फेकतच होता. बंदी होती म्हणून कोणी तिला विसरले नाही. मात्र ती कशी शिजवावी हे सांगण्याची जबाबदारीही कोणी घेतली नाही.

ती जबाबदारी आपली आहे, असे आमचे मत आहे. चरकाचार्यांच्या आठ आहारविधिविशेषायतनांपैकी करण आणि राशि या दोन इथे कामास येतात. करण म्हणजे संस्कार: डाळ गरम पाण्यात काही तास भिजवावी, ते पाणी टाकून द्यावे, नंतर भरपूर पाण्यात शिजवून वरचे पाणीही ओतून द्यावे. याने विष पुष्कळ घटते. संपूर्ण जात नाही, हे रुग्णास बजावून सांगावे. नुसती भाजून खाण्यावर भिस्त ठेवू नये. राशि म्हणजे मात्रा: रोजचे मुख्य अन्न म्हणून कधीही नाही, आणि दुष्काळी वर्षात अधिकच सावध. पाय जड वाटणे, चालताना पोटऱ्या ताठणे अशी तक्रार आली तर वातघ्न तैलाचा अभ्यंग सुचविण्याआधी घरात काय शिजते ते विचारावे आणि लाखोळी तत्काळ बंद करावी.

दुसरे द्रव्य मोह. चरकाच्या आसवयोनींत दहा पुष्पासवांमध्ये मधूकाची गणना आहे आणि आपल्या औषधालयांत मधूक त्याच रूपाने परिचित. लोकांतही मोह म्हटले की दारूच आठवते. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ मध्ये लागू झाली व २०२१ मध्ये उठली. या वादात फूल हे अन्न आहे, ही गोष्ट मागे पडली. भावप्रकाशात मधूकपुष्प मधुर, शीत, गुरु, बृंहण आणि वातपित्तनाशक सांगितले आहे. फाल्गुन-चैत्रात पहाटे वेचलेली फुले वाळवून ठेवली तर पावसाळ्यातही उपयोगी पडतात. वाळलेल्या फुलांत बव्हंशी शर्करा असते आणि प्रथिने थोडी, म्हणून ती जवस वा तिळाबरोबर कुटून द्यावीत; गुरु असल्याने वर्षाऋतूतील मंदाग्नीला मात्रा बेताची ठेवावी. मधुमेहीस अर्थातच वर्ज्य. फुले सहज वेचता यावीत म्हणून झाडाखालचा पालापाचोळा जाळतात आणि तोच वणवा होतो. झाडून घेतलेल्या जागेवर कापड किंवा जाळी पसरली तर फूल स्वच्छ राहते आणि रोपेही वाचतात. तरोटा, वास्ते, टेकोडे, चारोळी यांविषयी पुन्हा कधीतरी.

ही द्रव्ये कोणाच्या हक्काची, हा प्रश्न वैद्यकाच्या बाहेरचा वाटेल. तसा तो नाही. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावास वनहक्क कायद्यान्वये २००९ मध्ये सुमारे १,८०९ हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक पासचा अधिकारही ग्रामसभेच्या हाती आला. जंगल कोणत्या दिवसांत राखायचे हे ज्या ग्रामसभेला ठरविता येते, त्या गावी कोणता मोह तोडू नये, वणवा कसा टाळावा हे बोलण्यास जागा असते. आमच्यासारख्या वैद्याला तिथे दर आठवड्याच्या बाजाराइतकेच महत्त्व मिळते आणि ते पुरेसे आहे.

आमच्या दवाखान्यात आता रुग्णपत्रकावर तीन प्रश्न छापले आहेत: घरात डाळ कोणती, लाखोळी असल्यास पाणी टाकता का, आणि मोह आहे का. मागच्या पौषात एका बाईला दुसरा प्रश्न विचारला. टाकते म्हणाली. कुठे, असे सहज विचारले, तर उत्तर आले, "दूर, उकिरड्यावर. गोठ्यात टाकलं तं बैल पितीन."