धंतोलीत घर बांधायचे तर…

 धंतोली हा नागपूरचा भाग, आणि नागपूरला विमानतळ आहे. त्यामुळे उंच इमारतीला विमानतळ प्राधिकरणाची उंचीची मर्यादा पाळावी लागते.

धंतोलीतला खरा प्रश्न पार्किंगचा. जुन्या बंगल्यांच्या जागी रुग्णालये उभी राहिली आणि गाड्या रस्त्यावर आल्या. 2020 च्या एकत्रित विकास नियमावलीनुसार वाहनतळ नकाशातच दाखवावा लागतो.

बांधकाम परवानगीसाठी आखीव पत्रिका (मिळकत पत्रिका) जोडून वास्तुविशारदामार्फत अर्ज करा. प्रस्ताव नियमांत चोख बसत असेल आणि 60 दिवसांत उत्तर आले नाही, तर 1966 च्या नगररचना कायद्याने परवानगी मिळाल्याचे मानले जाते. ती वर्षभर चालते, पुढे मुदतवाढ घ्यावी लागते.

फ्लॅट घेणाऱ्यांनी भोगवटा प्रमाणपत्र पाहिल्याशिवाय ताबा घेऊ नये.