आपत्तीचा आराखडा आणि गावकुसाबाहेरची वस्ती

आपत्ती निवारण आणि बदलत्या हवामानाशी जुळवून घेण्याची धोरणे हा विषय आपल्या चळवळीत फारसा चर्चिला जात नाही. अत्याचार, जमीन, आरक्षण, शिष्यवृत्ती यांवर आपले कार्यकर्ते तासन्‌तास बोलतात. पूर आणि ऊन हे निसर्गाचे प्रश्न म्हणून सोडून देतात. माझे म्हणणे असे की, पाऊस निसर्गाचा असला तरी पावसाने कोणाचे काय बुडाले हे ठरविणारी मोजपट्टी शासनाची असते, आणि ती जमिनीच्या मालकीवर बेतलेली आहे. शासन आज आपत्ती आणि हवामान ही दोन धोरणे एकत्र आणू पाहत आहे. अशा वेळी ही मोजपट्टी तशीच ठेवली गेली, तर भूमिहीन माणूस दोन्ही धोरणांतून एकदमच निसटणार आहे.

मी राहतो तो चांदूर रेल्वे तालुका मुंबई–हावडा लोहमार्गावरचा. कापूस, सोयाबीन, तूर ही इथली पिके आणि बहुतेक शेती कोरडवाहू. महसूल मंडळातील पर्जन्यमापकावर चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस नोंदला गेला की ती अतिवृष्टी. मग तलाठी (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचे), कृषी सहायक आणि ग्रामसेवक संयुक्त पंचनामा करतात. पिकाचे नुकसान ३३ टक्के वा त्याहून अधिक असेल तर हेक्टरी मदत मिळते. केंद्राच्या निकषात तिला दोन हेक्टरांची मर्यादा आहे. राज्य प्रसंगी ती तीनपर्यंत वाढवते. मदत जमा होते सातबाऱ्यावर नाव असलेल्याच्या खात्यात.

आता याच शेताकडे मजुराच्या बाजूने पाहा. सोयाबीनच्या सोंगणीच्या तोंडावर पाऊस बसला, शेंगांना कोंब फुटले, तर मालकाचे पीक गेले आणि सोंगणाऱ्यांचे काम गेले. कपाशी काळी पडली तर वेचणीची मजुरी गेली. निंदणाचे दिवस सततच्या पावसात वाहून जातात ते वेगळेच. या बुडालेल्या दिवसांसाठी पंचनाम्यात रकाना नाही. एका गावात नुकसानीची पाहणी चालू असताना मजुरी करणारी एक वयस्क बाई मला म्हणाली, “भाऊ, माह्याजवळ सातबारा नाई, मंग माह्यं काय बुडालं हे कोन लिहून घेईन?” या प्रश्नाचे उत्तर पाहणी करणाऱ्या कर्मचाऱ्यांजवळही नव्हते, आणि तो त्यांचा दोषही नव्हता. छापील नमुन्यातच तिला जागा नव्हती. मक्त्याने किंवा बटईने शेती करणाऱ्याचे तेच. बियाणे त्याचे, खत त्याचे, सावकाराचे देणे त्याचे; पण करार तोंडी असल्याने मदत मालकाच्या नावे. मालक समंजस असला तर त्यातले काही याच्या हाती पडते.

घरांची गोष्ट आणखी बोलकी आहे. २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या केंद्रीय निकषांत सपाट प्रदेशातील पूर्ण पडलेल्या घराला १ लाख २० हजार रुपये होते; झोपडीला ८ हजार. झोपडी म्हणजे काय? गवत, माती, प्लॅस्टिक यांचे, कच्च्या घराहूनही कमी दर्जाचे तात्पुरते बांधकाम. म्हणजे ज्याचे घर आधीच सर्वांत दुबळे त्याला सर्वांत कमी. त्यातही घर गायरानावर किंवा नाल्याकाठच्या सरकारी जागेवर असेल तर आधी विचारणा होते ती कागदाची.

ही वस्ती नाल्याकाठी का आली, याचे उत्तर हवामानशास्त्रात नाही. गावाची पांढरी उंचावर आणि आपली वस्ती खालच्या अंगाला, ही रचना गावाने शतकानुशतके जपली. आज त्या जागेला तज्ज्ञ ‘धोकाप्रवण क्षेत्र’ म्हणतात. जलसंपदा विभाग नदीकाठी निळी आणि लाल पूररेषा आखतो, पहिली पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, दुसरी शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. ३० जुलै १९९१ रोजी वर्धा नदीच्या पुराने मोवाड गावात दोनशेहून अधिक माणसे गेली, तेव्हापासून वर्धेचे भय प्रशासनाला ठाऊक आहे. पण आपल्या वस्तीत जो शिरतो तो बहुधा गावनाला असतो, आणि गावनाल्याला रेषा कोण आखतो?

२००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा कार्यकर्त्यांनी एकदा स्वतः वाचावा. त्याच्या व्याख्येनुसार आपत्ती म्हणजे बाधित क्षेत्रातील समुदायाच्या तोंड देण्याच्या क्षमतेपलीकडची घटना. कोणता समुदाय? कायदा गाव एक धरून चालतो. खेडे एक नाही, हे बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत स्पष्ट बजावले होते. चार इंच पाऊस वाड्यातल्या माणसाची गैरसोय करतो आणि तोच पाऊस खालच्या वस्तीतल्या माणसाचे वर्षभराचे धान्य भिजवतो. कलम ६१ मदत देताना लिंग, जात, समुदाय, वंश, धर्म यांवरून भेदभाव करण्यास मनाई करते. हे कलम मोलाचे आहे; २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूत दलितांना मदतवाटपात आलेला अनुभव ताजा असताना हा कायदा झाला. परंतु जो पंचनाम्याच्या व्याख्येतच बसत नाही, त्याला भेदभाव झाला हे सिद्ध तरी कसे करता येणार?

हवामानाच्या बाजूला चित्र निराळे नाही. मदत व पुनर्वसन हा एक विभाग, पर्यावरण व वातावरणीय बदल हा दुसरा, कृषी हा तिसरा. जागतिक बँकेच्या कर्जावर २०१८ साली सुरू झालेला नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प हा हवामानाशी जुळवून घेण्याचा राज्यातला मोठा प्रयोग. पहिल्या टप्प्यात १५ जिल्ह्यांतील ५,१४२ गावे, त्यांत अमरावती-अकोल्याची आणि पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यातलीही. शेततळे, ठिबक, फळबाग हा त्याचा गाभा. भूमिहीनांसाठी शेळीपालनासारखे घटक होते, हे मान्य केले पाहिजे. पण शेततळे खणायला शेत लागते.

उन्हाचा हिशेब तर मांडलाच गेलेला नाही. वऱ्हाडात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णतेचा कृती आराखडा केला, पुढे नागपूरनेही केला. पण पंधराव्या वित्त आयोगाच्या काळात केंद्राने आपत्ती म्हणून मानलेल्या बारा घटनांत उष्णतेची लाट नव्हती. वीज कोसळणे, अवेळी पाऊस यांना राज्याने आपल्या यादीत घेतले. वीटभट्टीवरच्या बाईने दुपारी काम थांबवले तर तिची मजुरी कोणी भरून द्यायची, हे कुठल्याच यादीत नाही.

असे एकत्रीकरण महाराष्ट्राला अशक्य आहे असे कोणी म्हणू नये. १९७२ च्या दुष्काळातून रोजगार हमी योजना उभी राहिली, १९७७ चा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. ब्रिटिशांच्या फॅमिन कोडात दुष्काळी काम ही सरकारची मेहेरबानी होती. या कायद्याने ती हक्क केली. शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर बसवून तिला पैसा पुरवला. तिथे मोजपट्टी सातबारा नव्हती. काम मागणारा माणूस होती. बंधारे, पाझर तलाव झाले, त्यांचे पाणी मात्र बहुतांशी जमीनवाल्यांच्या विहिरीत मुरले, हेही खरे.

आता कामाचे बोलू. कायद्याच्या कलम ३१ नुसार जिल्ह्याच्या आराखड्यात धोकाप्रवण क्षेत्रांची नोंद हवी आणि त्याचा दरवर्षी आढावा घ्यावा लागतो. कलम ४० नुसार राज्याच्या प्रत्येक विभागाने आपत्तीप्रतिबंध आपल्या विकास योजनांत गुंफायचा आहे. २०२५ च्या दुरुस्तीने तीव्र हवामान-घटनांतून येणाऱ्या धोक्यांचा आढावाही प्राधिकरणांकडे सोपवला. यादीत नाव असणे किती महत्त्वाचे, हे १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीने दाखवले. दरडीच्या धोक्याच्या यादीत त्या ठाकूर आदिवासींच्या वाडीचे नाव नव्हते. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसे सापडलीच नाहीत.

जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी, सहअध्यक्ष जिल्हा परिषदेचे अध्यक्ष. भूमिहीनांचा प्रतिनिधी असावाच असे बंधन कायद्यात नाही. म्हणून ग्रामसभेच्या ठरावाची वाट धरावी लागते. मान्सूनपूर्व बैठका मे महिन्यात होतात. त्याआधी आपल्या गावचा नकाशा मागावा, नाल्याची गेल्या वीस वर्षांतली सर्वांत वरची पाण्याची खूण वस्तीतल्या म्हाताऱ्यांकडून दाखवून घ्यावी, आणि तिच्या आतली घरे मोजून यादी ठरावासह तहसीलदारांकडे द्यावी; पोच घ्यावी. आराखड्याची प्रत माहिती अधिकारात मिळते.

आम्ही काही शिक्षक-विद्यार्थ्यांनी अशा पाहणीसाठी एक नमुना केला आहे. त्यात घराचा उंबरठा नाल्यापासून किती उंच, घराचा नमुना आठ आहे की नाही, कोणत्या महिन्यात पावसाने किंवा उन्हाने मजुरीचे किती दिवस बुडाले, आणि त्या दिवसांत उसने कोणाकडून घेतले, असे चार रकाने आहेत. चौथा रकाना भरताना लोक आधी दार लोटून घेतात.