गोळ्या सुरू केल्या आणि अंग सुटले

नैराश्यावर औषध घेणाऱ्याला दोन उपदेश ठरलेले असतात. आधी ‘मनाला लावून घेऊ नकोस’ आणि वर्षभराने ‘जरा तोंडावर ताबा ठेव’. शिक्षकखोलीतही हे दोन्ही ऐकू येतात. दुसरा उपदेश ऐकून पुष्कळजण कोणालाही न सांगता गोळी बंद करतात. म्हणून या गोळ्यांचा वजनाशी नेमका संबंध काय, ते आपण जरा नीट पाहू.

विकरे शिकवताना आपण कुलूप-किल्लीची उपमा देतो. ती इथेही चालते. चेतापेशींवर विशिष्ट रसायने धरून ठेवणारे रेणू असतात, त्यांना ग्राही म्हणतात. औषध म्हणजे त्यात बसणारी किल्ली. अडचण एवढीच, की काही किल्ल्या भलत्याच कुलपांतही बसतात. सर्दीच्या जुन्या गोळीने झोप येते, कारण ती मेंदूतील हिस्टामिनचे ग्राही अडवते. अमिट्रिप्टिलिन आणि मिर्टाझापिन ही नैराश्यावरची औषधेही हेच ग्राही जोरात अडवतात. हे हिस्टामिन आपल्याला जागे ठेवते, तसेच भुकेला आवरही घालते. ते अडले, की झोप आणि भूक दोन्ही वाढतात.

सेरोटोनिनच्या ग्राहींचे अनेक प्रकार आहेत. त्यांपैकी ‘२-सी’ हा प्रकार पोट भरल्याची जाणीव देण्यात भाग घेतो. हा ग्राही जन्मतःच नसलेले उंदीर अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी तयार केले. ते जास्त खात आणि लठ्ठ होत, असे १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले. मिर्टाझापिन हा ग्राहीही अडवते. मग अशा रुग्णाला ‘ताबा ठेव’ सांगणे म्हणजे घड्याळाचे काटे धरून वेळ थांबवायला सांगणे झाले.

फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन या गटाची गोष्ट वेगळी. त्यांनी सुरुवातीला भूक उलट मंदावू शकते. वजन वाढलेच तर ते हळूहळू. अमेरिकेतील १,८३,११८ रुग्णांच्या नोंदींचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सर्ट्रालिन सुरू केलेल्यांचे वजन दोन वर्षांत सरासरी सुमारे दीड किलोने वाढलेले दिसले. एस्सिटालोप्राम आणि पॅरॉक्सेटिनने सहा महिन्यांत होणारी वाढ सर्ट्रालिनपेक्षा थोडी जास्त होती, तर ब्युप्रोपिऑनची कमी.

दीड किलो म्हणजे किती? वर्गात करण्यासारखे हे गणित आहे. शरीरातील एक किलो चरबीत ढोबळमानाने ७,७०० किलोकॅलरी साठतात. दीड किलोच्या झाल्या ११,५५०. दोन वर्षांचे दिवस ७३०. भागाकार येतो रोजच्या सुमारे १६ किलोकॅलरी, म्हणजे चहातली एक लहान चमचा साखर! वाढलेले शरीर ऊर्जाही जास्त खर्च करते, त्यामुळे खरा आकडा याहून मोठा असणार. तरीही तो खाणाऱ्याच्या लक्षात येण्याजोगा नाही. अर्थात ही सरासरी झाली. त्याच गोळीने कोणाचे वजन घटते, तर कोणाचे बरेच वाढते.

शिवाय सगळी वाढ औषधाच्या खात्यावर टाकता येत नाही. नैराश्यात अनेकांचे जेवण सुटते. बरे वाटू लागले की गेलेले वजन परत येते, आणि ते चांगलेच लक्षण आहे. थायरॉइडचे काम मंदावले तर उदासी आणि वजन दोन्ही वाढतात, म्हणून ती रक्ततपासणी करून घ्यावी. गोळी सुरू करण्यापूर्वीचे वजन कोठेतरी लिहून ठेवलेले असेल तरच पुढचा हिशेब लागतो. बहुतेक घरांत ते लिहिलेले नसते.

वजनाबरोबर कंबरेचा घेरही मोजावा. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला होता. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच, बीएमआय २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२! सडपातळ दिसणाऱ्या आपल्या लोकांना थोडी वाढही मधुमेहाच्या दृष्टीने जड जाऊ शकते, ती यामुळे.

उपासतापास करून हे साधत नाही. अमिट्रिप्टिलिनसारख्या औषधांनी तोंडाला कोरड पडते आणि माणूस सरबत, चहा घेत राहतो. तिथे साधे पाणी पुष्कळ काम करते. रोजच्या चालण्याचा फायदा दुहेरी आहे, कारण व्यायामाने नैराश्यही कमी होते. एवढ्याने भागले नाही, तर गोळी बदलण्याबद्दल डॉक्टरांना स्पष्ट विचारावे. पर्याय असतात, मात्र प्रत्येकाला प्रत्येक पर्याय चालत नाही. उदाहरणार्थ, फिट्स येणाऱ्याला ब्युप्रोपिऑन देत नाहीत.

गोळी एकदम थांबवली तर चक्कर, निद्रानाश, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखे वाटणे असे त्रास होऊ शकतात, आणि मूळ आजार उलटण्याचा धोका असतो तो वेगळाच. पॅरॉक्सेटिन आणि व्हेन्लाफॅक्सिनच्या बाबतीत हे त्रास अधिक आढळतात. फ्लुओक्सेटिन शरीरातून सावकाश, काही आठवड्यांत बाहेर पडते, त्यामुळे ते सोडताना त्रास कमी होतो. म्हणून औषध बदलताना मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवतात, आणि ते वेळापत्रक डॉक्टर ठरवतात.